साबुदाण्याचे झाड गेले कुठे?

वाण्याच्या दुकानात साबुदाण्याचे पोते तूरडाळ आणि चवळीच्या पोत्यांना खेटून उभे असते. आकार गोल, रंग पांढरा आणि नावातच ‘दाणा’. तेव्हा हे कोणत्या तरी झाडाचे बी असावे, अशी समजूत होणे अगदी स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात साबुदाणा कोणत्याही झाडाला लागत नाही, कोणत्याही कणसात भरत नाही आणि पेरला तर उगवतही नाही. बुंदी जशी पाडावी लागते, तसा साबुदाणा घडवावा लागतो. तो आहे निव्वळ पिष्ट, म्हणजे वनस्पतीने स्वतःसाठी साठवून ठेवलेले आणि माणसाने धुऊन वेगळे काढलेले सत्त्व.

हे सत्त्व मुळात एका झाडाचेच होते. इंडोनेशियाची मालुकू बेटे, न्यू गिनी आणि त्या बाजूच्या दलदलींत ताडाच्या जातीचा एक वृक्ष वाढतो. मलय भाषेत त्याच्या सत्त्वाला ‘सागू’ म्हणतात. आपला ‘साबू’ त्याचेच बदललेले रूप. हा वृक्ष आयुष्यात एकदाच फुलतो आणि फळे धरून मरतो. त्या एका फुलोऱ्यासाठी तो दहा-पंधरा वर्षे खोडात पिष्ट साठवत राहतो. तिथले लोक नेमके फुलोरा येण्याच्या सुमारास त्याला तोडतात, खोड उभे चिरतात, आतला भुसभुशीत गाभा खरवडून पाण्यात कालवतात आणि गाळून घेतात. पाणी स्थिरावले की तळाशी पांढरा साका बसतो. एका चांगल्या खोडातून दीडशे ते तीनशे किलो पिष्ट निघू शकते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो सुमात्रात थांबला होता. झाडाच्या पोटातून पीठ काढणारे लोक पाहून त्याला वाटलेले नवल त्याच्या प्रवासवर्णनात नोंदलेले आहे.

हा साका ओलसर असताना हलवून हलवून त्याचे मोती बनवायचे आणि तापल्या कढईत परतायचे, ही युक्ती पुढे व्यापारात रुळली. एकोणिसाव्या शतकात सिंगापूर हे या मोत्यांचे मोठे केंद्र होते; तिथल्या चिनी कारखान्यांतून माल जहाजांनी जगभर जाई. भारतात तो आजाऱ्याचे हलके अन्न म्हणून शिरला. तापातून उठलेल्याला साबुदाण्याची पेज देण्याची रीत जुन्या घरांत अजूनही आहे. तो गहू-तांदळासारखे धान्य नाही, या एका गुणावर त्याला उपवासाच्या ताटातही जागा मिळाली. तमिळ भाषेने तर त्याचा परदेशी जन्म नावातच जपून ठेवला आहे. तिथे साबुदाण्याला ‘जव्वरिसी’ म्हणतात. ‘अरिसी’ म्हणजे तांदूळ आणि ‘जव्व’ म्हणजे जावा, अर्थात जावाचा तांदूळ.

गोष्ट इथेच थांबली असती तर साबुदाण्याची कुळी सरळ होती. परंतु मधे एक कंद आला.

कसावा हे दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या प्रदेशातले पीक. ब्राझीलमधील तुपी लोक त्याचे कंदासारखे मूळ किसून, पिळून त्याचे सत्त्व काढीत. ‘टॅपिओका’ हा शब्द त्यांच्याच भाषेतला. पिळणे आवश्यकच होते, कारण कच्च्या कसाव्यात सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते आणि कडू जातींत ते जिवावर बेतण्याइतके असते. पोर्तुगीजांनी हे पीक मलबार किनाऱ्यावर आणले. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० ते १८८५ या आपल्या छोट्या कारकिर्दीत त्याचा जाणीवपूर्वक प्रसार केला. निकस जमिनीत, थोड्या पाण्यावर भरघोस येणारे हे मूळ दुष्काळात उपयोगी पडेल, हा त्यांचा हिशेब होता. तो साठ वर्षांनी खरा ठरला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, तेव्हा केरळातील गरिबांना ‘कप्पा’नेच तारले.

त्याच युद्धाने साबुदाण्याची वाट बदलली. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले आणि मलायाकडून येणारा माल थांबला. तमिळनाडूतील सेलम येथील व्यापारी माणिक्कम चेट्टियार यांचे व्यापारानिमित्त केरळात जाणे-येणे असे, त्यामुळे कसावा त्यांच्या परिचयाचा होता. पेनांगहून आलेले पोपटलाल शहा यांना मोती बनवण्याची कृती ठाऊक होती. या दोघांनी १९४३ च्या सुमारास सेलममध्ये कसाव्याच्या पिष्टाचे साबुदाणे करण्यास आरंभ केला. साधने अगदी घरगुती होती: मूळ किसायचे, कापडातून गाळायचे, साका वाळवायचा, झोळीत घालून झुलवत दाणे वळायचे आणि तव्यावर परतायचे. त्यातून पुढे केवढा व्याप उभा राहिला! सेलम आणि भोवतालच्या जिल्ह्यांत कारखाने पसरले, १९८१ मध्ये उत्पादकांची सहकारी संस्था ‘सॅगोसर्व्ह’ निघाली आणि २०२३ मध्ये सेलमच्या जव्वरिसीला भौगोलिक मानांकनही मिळाले. महाराष्ट्रातील एकादशी आणि महाशिवरात्र आज बव्हंशी सेलमच्या अंगणांत वाळलेल्या मालावर साजरी होते.

मलायातही कसाव्याचे मोती होत असत, त्यामुळे पूर्वी येणारा प्रत्येक दाणा ताडाचाच होता, असे म्हणता येत नाही. आजचा प्रश्न मात्र त्याहून सोपा आहे. भारतात तयार होणारा साबुदाणा कसाव्याचा आहे. नाव झाडाचे राहिले आणि वस्तू मुळाची झाली.

उपवासाच्या खिचडीचे ताट या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. साबुदाणा अ‍ॅमेझॉनचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा अँडीज पर्वताचा आणि मिरचीही अमेरिकेकडचीच. जिरे पश्चिम आशियाकडचे. अस्सल इथले म्हणावे असे उरते ते तूप, खवलेले खोबरे आणि वर पिळलेले लिंबू. पाचशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या वारकऱ्यापुढे हे ताट ठेवले असते, तर तो गोंधळला असता. तरी शेंगदाण्याचे कूट ही मोठी शहाणपणाची जोड आहे. साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काहीच नाही. प्रथिने आणि स्निग्धांश कूटच पुरवते, शिवाय दाणे एकमेकांना चिकटूही देत नाही. तैवानमध्ये १९८० च्या दशकात निघालेल्या आणि आता आपल्या शहरांतील मुलांना भुरळ घालणाऱ्या ‘बबल टी’तले काळे मोतीही याच कसाव्याचे. आजीच्या साबुदाण्याकडे नाक मुरडणारी नातवंडे तोच पदार्थ जाड नळीने ओढून घेतात, ही गंमतच.

जैन घरांत हा विषय गमतीपाशी संपत नाही. एक गैरसमज शेजारधर्मातला: ‘तुमच्या उपवासाला साबुदाणा चालतो का?’ जैन परंपरेतील उपवासात उकळलेल्या पाण्याखेरीज काहीच नसते, तेव्हा तिथे प्रश्नच उद्भवत नाही. खरा प्रश्न रोजच्या आहारातला आहे. कंदमुळाचा त्याग करणाऱ्याने साबुदाणा घ्यावा काय?

शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ या प्रकरणग्रंथात अनंतकाय वनस्पतींची नावे आहेत आणि त्यासोबत लक्षणेही आहेत: शिरा, सांधे आणि पेरे दिसून न येणे, मोडल्यावर सारखे भाग होणे, तंतू नसणे, छाटल्यावर पुन्हा उगवणे. हे लिहिले गेले तेव्हा बटाटा किंवा कसावा भारतात कोणी पाहिलेला नव्हता. केवळ नावांची यादी असती, तर समुद्रापलीकडून आलेला प्रत्येक कंद तिच्यातून निसटला असता. लक्षणे लिहून ठेवल्यामुळे शेकडो वर्षांनंतर आलेल्या बटाट्यालाही ती लावता आली. पूर्वसूरींच्या या दूरदृष्टीचे कौतुक फारसे कोणी करत नाही.

साबुदाण्याच्या बाबतीत मात्र घराघरांत मतभेद आहेत. ओले आले वर्ज्य, पण सुंठ आणि हळकुंड चालते, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. तिच्या आधारे वाळलेले पिष्ट घेण्यास काहींची हरकत नसते. इतरांचे म्हणणे असे की सुंठ औषधाच्या मात्रेत घेतली जाते, तर साबुदाणा वाटीच्या मापाने खाल्ला जातो आणि त्यासाठी मुळांची रासच उपसली जाते. दुसरी बाजू अधिक वजनदार दिसते. वनस्पतिशास्त्रातला एक बारकावा या चर्चेत क्वचितच येतो. बटाट्याला डोळे असतात आणि त्याच्या फोडीतून रोप येते. कसाव्याच्या मुळाला डोळे नसतात, तुकडा पुरला तरी तो उगवत नाही, लागवड करावी लागते ती खोडाच्या कांड्यांची. लक्षणांच्या कसोटीवर याला किती महत्त्व द्यायचे, हे गुरुभगवंतांना विचारण्याजोगे आहे.

एका अफवेचा समाचार मात्र घेतलाच पाहिजे. कंद महिनोन्‌महिने खड्ड्यांत कुजवतात, त्यात अळ्या पडतात आणि तो चिखल तुडवून साबुदाणा करतात, म्हणून साबुदाणा मांसाहारी, असा संदेश दर चातुर्मासात मोबाइलवर फिरू लागतो. कसाव्याचे मूळ जमिनीतून काढल्यावर दोन-तीन दिवसांतच खराब होऊ लागते आणि कुजलेल्या मुळाचे पिष्ट आंबट व काळपट होते. महिनोन्‌महिने कुजवणारा कारखानदार स्वतःच्याच हाताने बुडेल. कारखान्यांभोवती जी दुर्गंधी येते, ती मुळे धुतल्यावर सोडलेल्या आंबलेल्या सांडपाण्याची असते. पांढरेपणासाठी रसायने वापरल्याच्या तक्रारी मात्र वेळोवेळी झाल्या आहेत. त्यामुळे डोळे दिपवणाऱ्या शुभ्र मालापेक्षा किंचित मळकट साबुदाणा घेणे केव्हाही बरे.

ताडाचा मूळ सागू नाहीसा झालेला नाही. मलेशियातील सारावाक राज्यात, विशेषतः मुकाहच्या दलदलींत, तो आजही पिकतो आणि निर्यात होतो. न्यू गिनीतील कित्येक वाड्यांत तर तेच रोजचे अन्न आहे. फुलोरा येण्यापूर्वी झाड ओळखणारी जुनी माणसे तिथे अजूनही खोडावर टिचकी मारून आतला गाभा भरला की नाही, ते सांगतात.