कांडीतले औषध

दिवाळी अंकात गोठ्यातली गोष्ट सांगू नये असा काही नियम नाही. उलट आपली दिवाळी सुरू होते तीच मुळी वसुबारसेला, गाय-वासराच्या पूजेने. तरीही विषय जरा अवघड आहे, हे आधीच कबूल करतो. "अहो, घराघरांत मुले वाचतात तो अंक!" असे म्हणून सौभाग्यवतींनी मला दटावलेसुद्धा. पण हल्लीच्या मुलांना आपल्यापेक्षा अधिक कळते, अशी माझी समजूत असल्याने पुढे जातो.

भाद्रपदात कृष्णाकाठी मेहुण्यांकडे गेलो होतो. त्यांची संकरित गाय दोनदा उलटली होती. माज वाया गेला की पुढचे एकवीस दिवस गाईला नुसते पोसायचे, आणि दुधाच्या बिलाकडे पाहून उसासे टाकायचे! तिसऱ्या खेपेस मोटारसायकलवरून कृत्रिम रेतन करणारा तरुण आला. टाकीचे झाकण काढताच पांढरी वाफ बाहेर पडली. आत उणे १९६ अंशांचे द्रवरूप नत्र. त्यातून त्याने एक कांडी काढून कोमट पाण्यात धरली. पाव मिलिलिटरची ती कांडी. तिच्यात वळूचे सुमारे दोन कोटी शुक्राणू.

"आणि यात अँटिबायोटिकही असते," तो सहज म्हणाला.

मी दचकलो. कारण श्रावणातच आमच्या आईला लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता. तपासणीच्या कागदावर औषधांची लांबलचक यादी, आणि निम्म्याहून अधिक नावांपुढे 'आर' हे अक्षर. म्हणजे या औषधाला जंतू दाद देत नाहीत. त्यांत एक नाव होते जेंटामायसीन. आई बरी झाली, पण नवव्या दिवशी, आणि तेही रोज सुया टोचून घेऊन. घरी परतल्यावर वाचत बसलो, तर तेच जेंटामायसीन वळूच्या रेतात घालायच्या औषधांतही! जोडीला टायलोसिन, लिंकोमायसीन, स्पेक्टिनोमायसीन.

आईच्या दुखण्याचा दोष गाईच्या कांडीवर ठेवण्याइतका मी भोळा नाही. कांडीतले औषध ते केवढे! पण ते का घालतात, हे समजून घेण्याजोगे आहे. रेत कितीही जपून घेतले तरी वळूच्या कातडीवरचे, केसांतले, शेणातले जंतू त्यात उतरतात. शुक्राणू टिकावेत म्हणून त्यात अंड्याचा बलक आणि साखर घालतात; म्हणजे जंतूंना आयता फराळच! थंडीने ते मरत नाहीत, नुसते झोपी जातात. शिवाय काही जंतू गाईचा गर्भ पाडणारे. म्हणून १९४०च्या दशकात अमेरिकेत पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसीन रेतात घालून पाहिले, ते लागू पडले, आणि मग प्रथाच झाली. आज युरोपीय संघात देशोदेशी जाणाऱ्या वळूच्या व डुकराच्या रेतात प्रतिजैविके घालणे नियमानेच आवश्यक आहे. गंमत अशी, की त्याच संघाने जनावरे लवकर वाढावीत म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळणे २००६ साली बंद केले.

खरा घोळ डुकरांचा. त्यांचे रेत गोठवणे मानवत नाही. ते पातळच, १७ अंशांच्या आसपास ठेवतात. त्या उबेत जंतू झपाट्याने वाढतात. आणि एकेक मात्रा ८०-१०० मिलिलिटरची! उरलेली मोरीत जाते, औषधासकट.

तेव्हा औषधाविना कसे भागवायचे? स्वीडनमध्ये उप्साला येथील कृषी विद्यापीठातल्या जेन मॉरेल यांची युक्ती मला फार आवडली. नळीत वाळूच्याच जातीच्या अतिसूक्ष्म कणांचा दाट द्रव घालायचा, वर रेत सोडायचे आणि नळी गरगर फिरवायची. धडधाकट शुक्राणू तळाशी जातात, बरेचसे जंतू वरच राहतात. ताक घुसळून लोणी काढणाऱ्यांच्या देशात हे निराळे समजावून सांगायला नको. सगळे जंतू मात्र निघत नाहीत. काही शुक्राणूंना चिकटून बसतात. जर्मनीत हॅनोव्हरला डुकराचे रेत सावकाश थंड करून ५ अंशांवर ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत. त्या थंडीत जंतू वाढत नाहीत, पण घाई केली तर शुक्राणूच गारठतात. वनस्पतींचे अर्क आणि शरीर स्वतःच बनवते तसली जंतुनाशक प्रथिने, यांच्यावरही खटपट चालू आहे. अडचण एकच, जंतूंना मारणारी मात्रा शुक्राणूंनाही भोवते.

आणि सर्वांत स्वस्त उपाय साबण-पाण्याचा! वळूचे केस कातरणे, अंग धुणे, भांडी उकळणे. यावर कोणी परिसंवाद भरवीत नाही, हे दुर्दैव.

हे सारे मी मेहुण्यांना लांबलचक पत्राने कळवले. त्यांचा फोन आला, "भावोजी, तुमचे सगळे पटले. पण आमच्या गाईच्या कांडीत तूर्त औषध असू द्या. पुन्हा उलटली तर पुढचे एकवीस दिवस तुम्ही पोसणार का तिला?"

मला उत्तर सुचले नाही. लेख छापखान्यात जायच्या आत एकविसावा दिवस उलटून गेला. गाय शांत आहे. तपासणी मात्र अजून व्हायची आहे.