शाल पुरे, आता कागद बघा

आमच्या सातारा जिल्ह्यात माजी सैनिकाला शालींची वाण नाही. पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायत देते, सव्वीस जानेवारीला हायस्कूल देतं, गणपतीत मंडळ देतं आणि निवडणूक जवळ आली की एकाच दिवशी दोन ठिकाणांहून बोलावणं येतं. माझ्या लोखंडी कपाटात शालींची चवड लागली होती. त्यातल्या बऱ्याचशा घरच्या मंडळींनी लग्नकार्यांच्या आहेरात पुढे धाडल्या. देणाऱ्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण मी फौजेत रायफल कमी आणि टाइपरायटर जास्त चालवला. पायदळाच्या पलटणीत क्लर्क होतो, सुभेदार होऊन घरी आलो. त्यामुळे जवानाचा मान कुठे राहतो आणि कुठे जातो, ते मला स्टेजपेक्षा फायलीत लवकर दिसतं.

घरी आल्यावर ओसरीवर टेबल टाकलं. आसपासच्या गावांतले पेन्शनर, त्यांच्या बायका, कधी नातू, कागदांची पिशवी घेऊन येतात. पिशवी बहुधा कापडदुकानाची असते. आत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम म्हणजे पीपीओ, मेडिकल बोर्डाची पुसट झेरॉक्स आणि हटकून एखादा सत्काराचा फोटो. फोटो सगळ्यांनी लॅमिनेट केलेला असतो, पीपीओ कुणीच नाही.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या तालुक्यातून एक मावशी आल्या. नवऱ्याचा गुडघ्याखालचा पाय सुरुंगात गेलेला. पुण्याला कृत्रिम पाय बसवून त्या माणसाने पुढे वीसेक वर्षं शेती केली आणि गेला. आता कुटुंब पेन्शन अडली होती, कारण फौजेच्या रेकॉर्डला बायकोचं नाव एक आणि आधार कार्डावर दुसरं. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, जसं आपल्याकडे पूर्वी सर्रास बदलत. नवऱ्याने पलटणीत माहेरचं नाव सांगितलं, परप्रांतातल्या क्लर्कने ते इंग्रजीत कानाला आलं तसं पार्ट टू ऑर्डरला छापलं. पार्ट टू ऑर्डर म्हणजे जवानाच्या आयुष्यातली प्रत्येक घटना, लग्न, मूल, जखम, ज्यावर नोंदली जाते तो कागद. तिथे जे छापलं गेलं तेच सरकारला खरं. मावशींना दर सव्वीस जानेवारीला माइकवरून नाव पुकारून बोलवायचे, नारळ द्यायचे. कचेरीत मात्र ‘ही बाई कोण’ इथून सुरुवात. प्रतिज्ञापत्र, गॅझेट, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा दाखला, असं करत करत बरेच महिने गेले. तेवढा काळ घर जावयाच्या पैशांवर चाललं.

हे झालं नावाचं. जखमेचं प्रकरण याहून अवघड.

लोकांना वाटतं, जखमी जवान म्हणजे गोळी लागलेला. पुण्यात खडकीला 1974 पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणक्याला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर गेलेले जवान तिथे राहतात, शिकतात, तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. वाचकांनी एकदा जरूर जावं. पण तिथल्या सगळ्यांना शत्रूची गोळी लागलेली नाही. कुणाची गाडी घाटात कोसळलेली असते, कुणी ट्रेनिंगमध्ये पडलेला असतो. व्हीलचेअर सगळ्यांची सारखी. पेन्शन सारखी नाही.

हिशेब असा. शंभर टक्के अपंगत्व येऊन घरी पाठवलेल्या जवानाची जखम ‘वॉर इंज्युरी’ ठरली, तर त्या जखमेपोटी त्याला शेवटच्या पगाराएवढी रक्कम मिळते. तीच जखम नेहमीच्या ड्यूटीतली ठरली, तर पगाराच्या तीस टक्के. फौजेशी संबंधच नाही असं ठरलं, तर या खात्यात शून्य. लढाईत जखमी झालेल्याला जास्त मिळावं, याबद्दल माझं दुमत नाही. पण हा फरक ठरतो कशावर? जखम झाल्यावर युनिट जो इंज्युरी रिपोर्ट भरतं, त्यातल्या दोन-तीन ओळींवर. माणूस त्या वेळी ऑपरेशनच्या हुकमावर होता की रेशन आणायला निघाला होता? रजेवर गावी येताना वाटेत अपघात झाला तर ती ड्यूटी धरतात. घरी पोहोचल्यावर विहिरीवर घसरला तर नाही. मी असे रिपोर्ट टाइप केले आहेत, म्हणून सांगतो, त्या वेळी जखमी माणूस हेलिकॉप्टरने बेस हॉस्पिटलला गेलेला असतो. आपल्याबद्दल काय लिहिलं, हे त्याला पुष्कळदा घरी परतल्यावर, कुणीतरी इंग्रजी वाचून दाखवल्यावर कळतं.

आजाराचं तर विचारूच नका. मेडिकल बोर्ड लिहून मोकळं होतं की हा आजार फौजेच्या नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. धर्मवीर सिंह नावाच्या जवानाला नऊ वर्षांच्या नोकरीनंतर 1994 मध्ये फिट्स येतात म्हणून बोर्ड आउट केलं. अपंगत्व वीस टक्के, पेन्शन नामंजूर. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला 2 जुलै 2013 रोजी. मोजा वर्षं. न्यायालय काय म्हणालं? भरतीच्या वेळी तुम्हीच त्याला तपासून घेतलं, तेव्हा आजाराची नोंद नव्हती, म्हणजे तो निरोगी होता असं धरायचं. आता संबंध नाही म्हणत असाल तर ते तुम्ही सिद्ध करा, जवानाने नाही. आणि संशयाचा फायदा जवानाला. भरतीच्या मैदानावर छाती फुगवून उभं राहिलेल्या कोणत्याही पोराला हे न शिकवता कळेल.

एवढा स्वच्छ निकाल असूनही सरकार पुढच्या जवानाविरुद्ध पुन्हा अपिलात जातं. लष्करी न्यायाधिकरणात जवान जिंकतो, खातं वर जातं. साताऱ्याचा माणूस मुंबईच्या खंडपीठाच्या चकरा मारून थकलेला असतो, त्याला मग दिल्लीचा वकील शोधावा लागतो. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने हेच सांगितलं होतं की अपंग जवानांच्या पेन्शनविरुद्धची ही अपिलं मागे घ्या. गोव्याच्या त्या माणसाला हिशेब कळत होता. समितीचा अहवाल आला, पर्रीकर 2017 मध्ये गोव्याला परतले, आणि अपिलांचा ओघ काही आटला नाही.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर आमचेच लोक म्हणतील सुभेदार एकतर्फी बोलतो. निवृत्तीच्या तोंडावर ब्लडप्रेशर दाखवून टक्के पदरात पाडून घेणारे आहेत. त्यांत वरच्या हुद्द्याचे जास्त, हे आम्ही खालचे लोक दबक्या आवाजात बोलतो. त्यांना जरूर तपासा. पण शहरातल्या कचेरीत बसून रक्तदाब वाढलेला आणि सियाचीनमध्ये बोटं गमावलेला, दोघांना एकाच चाळणीतून काढलं की चाळणीत अडकतो तो दुसराच. पहिल्याला कागद वाचता येतो.

आता अग्निवीर. 2022 मध्ये चार वर्षांच्या भरतीची ही योजना आली. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं भरत आली आहेत. ड्यूटीवर अपंगत्व आलं तर पन्नास, पंचाहत्तर आणि शंभर टक्क्यांसाठी अनुक्रमे 15, 25 आणि 44 लाख रुपये एकरकमी आहेत, शिवाय उरलेल्या मुदतीचा पगार. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि माजी सैनिकांसाठी 2003 पासून असलेली ईसीएचएसची वैद्यकीय सोयही योजनेच्या अटींत नाही. 44 लाख हा आकडा गावात मोठा वाटतो. बावीस वर्षांच्या, मान मोडलेल्या मुलाला पुढची चाळीस वर्षं अंथरुणात कूस बदलून देणारा माणूस, कॅथेटर, बेडसोरचं ड्रेसिंग आणि दर काही महिन्यांनी हॉस्पिटल एवढं सगळं त्यातून भागवायचं आहे, आणि ते पैसे भावकीच्या नजरेपासून वाचवायचे आहेत. माझं मत स्पष्ट आहे: भरती चार वर्षांची करा नाहीतर चाळीस वर्षांची, जखमेची जबाबदारी जन्मभराची धरा.

मुरलीकांत पेटकरांचं नाव ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमामुळे आता पोरासोरांना माहीत झालं. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचा हा जवान 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाला आणि 1972 मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. सुवर्णपदकवाल्याची फाईल सरकायला शेहेचाळीस वर्षं लागली, तर कोरेगाव-खटावकडच्या नाईक-हवालदाराने कुणाकडे बघायचं?

सात डिसेंबरला ध्वजदिन असतो, 1949 पासून. शाळेत पोरांच्या खिशाला तीन रंगांचं स्टिकर लागतं, जिल्ह्याला निधीचा इष्टांक मिळतो, तो पुरा झाला की कार्यक्रम होतो, फोटो छापून येतात. निधी चांगल्या कामाला जातो, विधवांना आणि मुलांच्या शिक्षणाला, म्हणून तो द्यावाच. पण निधीला इष्टांक आहे तसा प्रकरणं निकाली काढायलाही असावा. जिल्ह्यात किती कुटुंब पेन्शनी नावाच्या चुकीमुळे अडल्या, त्यातल्या यंदा किती सुटल्या, हे जिल्हाधिकाऱ्यांनी त्याच स्टेजवरून वाचून दाखवावं. पाच मिनिटांचं काम आहे, एखाद्या पाहुण्याचं भाषण कमी करावं लागेल इतकंच.

ग्रामपंचायतींनाही सांगणं आहे. राज्य सरकारने 2020 मध्ये माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची घरपट्टी माफ केली. तरी आमच्या भागातल्या एका गावात ज्या बाईला ऑगस्टमध्ये शाल दिली, तिलाच मार्चमध्ये थकबाकीची नोटीस गेली. दोन्ही कागदांवर सही त्याच ग्रामसेवकाची. तेव्हा येत्या पंधरा ऑगस्टला एवढं करा: झेंडावंदन झालं की माजी सैनिकांना खुर्च्यांवर बसवून पाठवून देऊ नका. पंचायतीचा संगणक सुरू ठेवा, ऑपरेटरला थांबवा, घरपट्टी माफीचे अर्ज तिथेच भरून घ्या आणि ज्यांच्या कागदांत घोळ आहे त्यांची यादी करून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पाठवा.

आणि ज्यांच्या घरात माजी सैनिक आहे त्यांनी आज संध्याकाळीच कागदांची पिशवी उघडावी. पीपीओवर बायकोचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव अक्षराला अक्षर जुळतं का ते पाहावं. जखमेची पेन्शन असेल तर ती कोणत्या खात्यातली आहे ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं. चूक असेल तर नवरा जिवंत असताना त्याच्या एका सहीवर दुरुस्ती होते. तो गेल्यावर त्याच चुकीला वर्ष लागतं.