पहिले अठरा तास

धानकापणी सुरू झाली की गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातून एक ओळखीचा रुग्ण आपल्या ओपीडीत येऊ लागतो. येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. विळा चालवताना डोळ्यात धानाचे कुसळ गेलेले, नाहीतर बांबू तोडताना चोय लागलेली. पहिल्या दिवशी नुसते खुपते. कापणीचे दिवस मोजके असल्याने काम थांबत नाही. दुसऱ्या दिवशी डोळा लाल होतो, मग कोणी झाडपाल्याचा रस पिळते, कोणी पुजाऱ्याकडे नेते. आठवड्याने बुबुळावर पांढरट, पिसासारख्या कडांचा व्रण दिसू लागतो. आपण खरवडून स्लाइड पाहतो, बुरशी दिसते, नॅटामायसिन सुरू करतो. डोळा वाचतोही कधी, पण फूल पडते ते कायमचे.

या रुग्णाबद्दल आपल्या शास्त्राला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. नेपाळमधल्या भक्तपूरचा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी फ्लुरेसिनची पट्टी आणि निळा उजेड वापरून बुबुळावरचे ओरखडे शोधले आणि क्लोरॅम्फेनिकॉलचे एक टक्का मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावले. इजा झाल्यापासून अठरा तासांच्या आत ज्यांचे उपचार सुरू झाले, त्यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही. उशीर वाढला तसे व्रणही वाढले.

हे अठरा तास गडचिरोलीतल्या हेमलकशाच्या नकाशावर ठेवून पाहावेत. आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा साठेक किलोमीटरचा रस्ता जंगलातून जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेले की भामरागडपलीकडची गावे तुटतात, आणि त्यातल्या अनेक गावांतून रस्त्यापर्यंतच पायी यावे लागते. नेत्रतज्ज्ञ कितीही निष्ठावान असला, तरी या वेळेत तो तिथे पोचणार नाही आणि रुग्णही त्याच्यापर्यंत येणार नाही. गावात आधीपासून असलेला माणूसच ही वेळ साधू शकतो, आणि तो माणूस तयार करणे हे आपले, म्हणजे नेत्रवैद्यक व्यवसायाचे काम आहे.

23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमटे यांनी हेमलकशात लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून डॉ. प्रकाश आमटे आणि भूलतज्ज्ञ डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले, तेव्हा रस्ता नव्हता, वीज नव्हती, माडिया भाषा येत नव्हती. हिवताप, अस्वलाने फाडलेले चेहरे, अडलेली बाळंतपणे, जे येईल ते त्यांनी पाहिले. आज डॉ. दिगंत आणि डॉ. अनघा आमटे तो दवाखाना चालवतात आणि बाहेरचे तज्ज्ञ शस्त्रक्रिया शिबिरांसाठी तिथे येतात. या कामाचे कौतुक आपण पन्नास वर्षे करत आलो आहोत. त्यातली आपल्या उपयोगाची गोष्ट मात्र कमी बोलली जाते. त्या दवाखान्यावर लोकांचा विश्वास बसला, कारण डॉक्टर रात्रीही तिथेच होते.

शिबिरांना कमी लेखायचे नाही. डॉ. तात्याराव लहाने यांनी आनंदवनात कुष्ठरुग्णांसाठी घेतलेल्या नेत्रशिबिरांनी, ज्यांच्याकडे कोणी फिरकत नव्हते, अशा माणसांना दृष्टी दिली. 2015 ते 2019 या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाचे 66.2 टक्के कारण मोतीबिंदूच निघाले. तो काढायलाच हवा, आणि जंगलातला मोतीबिंदू बहुधा पूर्ण पिकलेला, कडक असतो. अशा डोळ्यासाठी टाक्याविना छोट्या छेदाची हाताने करायची शस्त्रक्रिया किती चांगली, हे पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे. यंत्राने करायच्या फेको शस्त्रक्रियेशी केलेली त्यांची तुलना 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनंतर दोन्ही पद्धतींचे निकाल तोडीस तोड होते आणि हाताच्या पद्धतीला महागडे यंत्र लागत नव्हते. हे तंत्र महाराष्ट्रातच तावूनसुलाखून निघाले, तरी आपले नवे पदव्युत्तर विद्यार्थी फेकोवर हात बसवण्याच्या घाईत ते धड शिकत नाहीत, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. भामरागडच्या आजीचा कडक मोतीबिंदू समोर आला की त्यांचा हात अडखळेल.

पण शिबिरातून मोतीबिंदूच निघतो, आणि त्या भागातले डोळे आणखी पुष्कळ काही सांगत असतात.

या जिल्ह्यांतल्या आदिवासी समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै 2023 मध्ये सुरू झाली, रक्ततपासणी होते आहे, कार्डे मिळत आहेत. सिकलसेलमध्ये पडद्याच्या कडेच्या रक्तवाहिन्या बंद पडतात, नव्या नाजूक वाहिन्या फुटतात आणि कर्त्या वयात अचानक डोळ्यात रक्तस्राव होतो. हे वेळीच पाहायचे तर बाहुली मोठी करून पडद्याची कड तपासावी लागते. ज्याच्या हाती सिकलसेलचे कार्ड आहे, त्याच्या डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा पाहणारा कोणीतरी हवा. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. डोळ्यावर मार बसून पुढच्या कप्प्यात रक्त साकळलेला आदिवासी मुलगा आला, तर ॲसिटाझोलामाइड देण्याआधी त्याची सिकलसेल तपासणी पाहा. त्या औषधाने रक्तपेशी आणखी विळ्यासारख्या वाकतात, डोळ्यातला निचरा तुंबतो आणि एरवी सोसवेल अशा दाबानेही नेत्रमज्जा जाते. शहरातल्या ओपीडीत ही गोष्ट सहज विसरली जाते.

हिवतापाचेही तसेच. राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे. मेंदूच्या हिवतापाने बेशुद्ध झालेल्या मुलाच्या पडद्यावर पांढुरके पट्टे, रंग बदललेल्या रक्तवाहिन्या, मध्यभागी पांढरे असलेले रक्तस्राव दिसतात. आफ्रिकेत मलावीमधल्या डॉक्टरांनी ही चिन्हे तपशीलवार नोंदवली आणि बेशुद्धी हिवतापाचीच की दुसऱ्या कशाची, हे ठरवायला ती मदत करतात असे दाखवले. हेमलकशाच्या दवाखान्यात साधा फंडस कॅमेरा असेल आणि ते चित्र नागपूर-चंद्रपूरहून वाचून देणारा एक जण फोनवर असेल, तर नेत्रवैद्यकाचा उपयोग जीव वाचवायला होईल.

मग हे काम करणार कोण? मदुराईच्या अरविंद रुग्णालयाने, 1976 मध्ये डॉ. वेंकटस्वामी यांनी अकरा खाटांनी सुरुवात केल्यापासून, खेड्यातल्या मुलींना दोन वर्षे शिकवून नेत्रसेवेत आणले आणि तपासणीपासून शस्त्रक्रियेच्या तयारीपर्यंतचे काम त्यांच्यावर सोपवले. आपल्या सीमेला लागून असलेल्या तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, जिथे मराठीही बोलली जाते, मुधोळला एल. व्ही. प्रसाद संस्थेने 1996 मध्ये ग्रामीण केंद्र उघडले. खुद्द गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवले. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले आणि पुढे देशभर आशा कार्यकर्त्या त्या वाटेने गेल्या. ज्या जिल्ह्यातल्या आरोग्यदूताने बाळाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखला, तिथल्या बाईला बुबुळावरचा हिरवा ओरखडा ओळखता येणार नाही, असे म्हणण्याला काही आधार नाही.

मात्र मलमाच्या नळ्या वाटून काम होत नाही. नेपाळमध्येच पुढे मोठ्या प्रमाणावर, गावगटांची तुलना करून हा प्रयोग झाला, तेव्हा व्रणांच्या प्रमाणात घट दिसली नाही. आम्ही त्यातून इतकेच घेतो की डोळ्याला लागलेला माणूस कार्यकर्तीकडे आपण होऊन आणि त्याच दिवशी गेला पाहिजे. ती शेजारची असावी, माडिया बोलणारी असावी, एरवीही लोक तिच्याकडे जात असावेत. जवळचे दिसत नाही म्हणून सुईत दोरा ओवता न येणाऱ्या, तांदळातले खडे निवडता न येणाऱ्या बाईला तिने त्याच दिवशी चाळिशीचा चष्मा हातात ठेवावा. चष्म्याने विश्वास पटलेली बाई कुसळ गेल्यावर तिच्याकडेच येईल. आणि पुजाऱ्याशी तिचे बोलणे असावे. त्याला वगळून हे होणार नाही. रस पिळायचा नाही, फुंकर घालून लगेच इकडे पाठवायचे, एवढे त्याच्याकडून मिळाले तरी अनेक बुबुळे वाचतील.

आपल्याकडून काय हवे, ते आता नेमके सांगतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्ह्यात काढणे आता सक्तीचे आहे. विदर्भातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या नेत्र विभागप्रमुखांनी आपले विद्यार्थी त्या काळात गडचिरोलीला पाठवावेत आणि त्यांच्या कामाच्या वहीत दोन नोंदी सक्तीच्या कराव्यात: हाताने केलेल्या मोतीबिंदू शस्त्रक्रिया आणि शिकवून तयार केलेल्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या. गडचिरोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथल्या नेत्र विभागाला आपल्यातल्या ज्येष्ठांनी वर्षातले काही आठवडे शिकवायला द्यावेत. जिल्ह्यांतल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांवर शाळातपासणी, शिबिरे आणि अहवाल यांचा भार आहे. त्यांच्या हाताशी प्रशिक्षित माणसे दिली, तरच त्यांच्याकडून देखरेखीची अपेक्षा करता येईल. स्थानिक नेत्रतज्ज्ञ संघटनांनी शिबिराच्या मांडवावर होणाऱ्या खर्चातून एका माडिया मुलीचे दोन वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतरचा पगार उचलावा. पगाराचे आश्वासन लेखी असावे, कारण शिकून गावी परतलेली मुलगी मानधनाअभावी घरी बसली, तर पुढची कोणी येत नाही.

ज्यांना शिकवायला जायचे आहे त्यांनी या महिन्यातच आम्हाला पत्र लिहावे. कोणते आठवडे मोकळे आहेत आणि काय शिकवता येईल, एवढे कळवले तरी पुरे. प्रशिक्षण मे संपायच्या आत व्हायला हवे, कारण त्यानंतर पर्लकोटेला पाणी चढते, आणि कापणी ऑक्टोबरात सुरू होते.