चौदा दिवसांचे बिल

मे २०२० मधली गोष्ट. सात दिवस कोविड वॉर्डात ड्यूटी आणि पुढचे सात दिवस एका लॉजच्या खोलीत एकट्याने मुक्काम, असा आमचा क्रम चालला होता. त्या खोलीतल्या टीव्हीवर एका संध्याकाळी जर्मनीतला फुटबॉल सामना लागला. स्टेडियम रिकामे, त्यामुळे खेळाडूंच्या आरोळ्या आणि चेंडूला बसणाऱ्या लाथेचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. जगभरचे खेळ बंद असताना १६ मे रोजी बुंडेसलिगा पुन्हा सुरू झाली आणि जर्मनांच्या शिस्तीचे सगळीकडे कौतुक झाले. मीही केले. त्याच दिवशी ड्रेस्डेन शहरात दुसऱ्या श्रेणीतला एक अख्खा संघ आपापल्या घरात कोंडून बसला होता, हे मला बऱ्याच नंतर वाचायला मिळाले. तेव्हापासून तो संघ माझ्या डोक्यातून गेलेला नाही. कारण फुटबॉल नव्हे. कारण त्या काळात मी स्वतः सही करून दिलेले अलगीकरणाचे कागद.

संघाचे नाव डायनामो ड्रेस्डेन. जर्मनीत बुंडेसलिगाच्या खाली दुसरी बुंडेसलिगा असते. तिथेही १८ संघ, प्रत्येकाचे ३४ सामने. शेवटचे दोन संघ थेट तिसऱ्या श्रेणीत ढकलले जातात. खाली जाणे म्हणजे नुसती मानहानी नव्हे. टीव्हीचे पैसे आटतात, खेळाडू सोडून जातात, कार्यालयातल्या माणसांच्या नोकऱ्याही जातात. मार्चमध्ये स्पर्धा थांबली तेव्हा सर्वांचे २५ सामने झाले होते आणि ड्रेस्डेन शेवटच्या क्रमांकावर होते. उरलेल्या नऊ सामन्यांत काय ते करून दाखवायचे होते.

स्पर्धा पुन्हा सुरू करण्यासाठी जर्मन लीगने नियमावली तयार केली. राष्ट्रीय संघाचे डॉक्टर टिम मायर त्या गटाचे प्रमुख होते आणि एक डॉक्टर म्हणून सांगतो, काम चोख होते. दोन्ही श्रेणींतल्या ३६ क्लबांत सुरुवातीला १,७२४ चाचण्या झाल्या, त्यांत १० पॉझिटिव्ह निघाल्या. (कागदावरचा नियम माणसाच्या हातात आला की काय होते, तेही लगेच दिसले. बर्लिनच्या हेर्था क्लबचा सॉलोमन कालू ड्रेसिंग रूममध्ये सहकाऱ्यांशी हात मिळवताना स्वतःच चित्रण करून बसला आणि निलंबित झाला.) मात्र पॉझिटिव्ह माणसाच्या संपर्कात आलेल्यांचे काय करायचे, हा निर्णय लीगचा नव्हता. तो त्या त्या ठिकाणच्या आरोग्य कार्यालयाचा होता.

इथे गंमत झाली. कोलोन क्लबमध्ये तिघे पॉझिटिव्ह निघाले. तिथल्या आरोग्य कार्यालयाने फक्त त्या तिघांना घरी बसवले, बाकीच्यांचा सराव चालू राहिला. ड्रेस्डेनमध्ये ९ मे रोजी दोन नवे पॉझिटिव्ह जाहीर झाले आणि तिथल्या कार्यालयाने सगळा संघ, प्रशिक्षक आणि मदतनीस यांना १४ दिवस घरात बसण्याचा आदेश दिला. विषाणू तोच आणि देशही तोच.

माझे मत विचाराल तर ड्रेस्डेनचे अधिकारी बरोबर होते. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत त्या वेळच्या विषाणूला साधारण पाच दिवस लागत. काहींना अकरा-बारा दिवसही लागत, म्हणून चौदा दिवसांची मुदत. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांना विषाणू देऊ शकतो. त्यामुळे आजची निगेटिव्ह चाचणी उद्याची हमी देत नाही. एकमेकांच्या अंगावर धापा टाकत सराव करणाऱ्या पंचवीस-तीस जणांत दोघे बाधित असतील, तर सगळ्यांना थांबवणे हाच सुरक्षित मार्ग होता.

पण पुढे काय झाले ते पाहा. बाकीच्या संघांना नऊ सामने खेळायला १६ मे ते २८ जून असे ४४ दिवस मिळाले. ड्रेस्डेनचा पहिला सामना ३१ मे रोजी झाला आणि शेवटची तारीख सर्वांना तीच, २८ जून. म्हणजे २९ दिवसांत नऊ सामने. सरासरी दर साडेतीन दिवसांनी एक.

शरीराच्या दृष्टीने याचा अर्थ काय? घरात सायकल मारून हृदय आणि फुप्फुसांची ताकद थोडीफार टिकते. पण फुटबॉलपटूला लागते ती वेगाने धावत सुटण्याची, अचानक थांबण्याची आणि वळण्याची सवय. ती दिवाणखान्यात टिकत नाही. मांडीच्या मागचा स्नायू सगळ्यांत आधी कच्चा पडतो आणि पहिल्या जोरदार धावेत दुखावतो, तोही तोच. एका सामन्यात स्नायूंची जी झीज होते ती भरून यायला तीन दिवसांच्या आसपास लागतात. २०१० साली ग्रेगरी ड्यूपाँ आणि सहकाऱ्यांनी व्यावसायिक खेळाडूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला एक सामना असताना १,००० तासांमागे ४.१ दुखापती होत होत्या, दोन सामने असताना २५.६. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. दोन्ही वेळा खेळाडू मैदानात धावले मात्र जवळपास तेवढेच. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला, अगदी मोजणाऱ्यालाही, माणूस ठीक दिसतो. त्याची झीज आत चाललेली असते. सामन्यात पाच बदली खेळाडू वापरण्याची मुभा त्या मे महिन्यातच मिळाली होती; पण ती सगळ्याच संघांना होती.

जूनमध्ये कीलकडून हरल्यावर ड्रेस्डेनचा अनुभवी बचावपटू ख्रिस लोवे टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर रडला. निर्णय घेणाऱ्यांना आमचे काही पडलेले नाही, त्याची किंमत आम्ही मोजतो आहोत, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. हंगाम संपला तेव्हा ड्रेस्डेन शेवटच्या क्रमांकावर राहिले आणि खाली गेले.

आता प्रामाणिकपणे सांगायला हवे की ते आधीही शेवटचेच होते. अलगीकरणामुळे बुडाले, असे मी म्हणणार नाही. चौदा दिवस मिळाले असते तरी कदाचित बुडाले असते. माझा मुद्दा तो नाही. अलगीकरणात ठेवलेला माणूस स्वतःसाठी कोंडून घेत नाही. त्याला झालेला संसर्ग त्याने झाला, घरात बसून तो बरा होणार नसतो. तो बसतो ते तुमच्या-माझ्यासाठी. ड्रेस्डेन घरात बसले म्हणून त्यांच्याशी खेळणारे संघ सुरक्षित राहिले आणि लीगही चालू राहिली. फायदा सगळ्यांचा आणि बिल एकाच्या नावे. खेळाडूंचे करार ३० जूनला संपत होते, टीव्हीचे पैसे अडकले होते, त्यामुळे तारीख हलवता येत नव्हती, असे लीगचे म्हणणे असेल तर ते समजू शकते. पण त्या एका वर्षी कोणालाच खाली ढकलायचे नाही, असे ठरवता आले असते.

तसे ठरवणेही फुकट पडत नाही. शेजारच्या नेदरलँड्समध्ये एप्रिलमध्येच हंगाम गुंडाळला आणि कोणी वरही जाणार नाही, खालीही नाही, असे जाहीर केले. दुसऱ्या श्रेणीत काम्बूर हा संघ तिसऱ्या क्रमांकापेक्षा ११ गुणांनी पुढे होता, वर जाणार हे जवळपास नक्की होते. त्यांनी कोर्टात धाव घेतली आणि हरले. साथीत कोणाला ना कोणाला भरावे लागतेच. प्रश्न एवढाच की कोणी भरायचे ते आधी बसून ठरवायचे, की ज्याच्या गळ्यात पडेल त्याच्या गळ्यात.

कॅनडातले डॉक्टर रॉस अपशर यांनी २००२ साली सार्वजनिक आरोग्याच्या बंधनांसाठी काही तत्त्वे मांडली. त्यांत एक परतफेडीचे होते. समाजाने एखाद्यावर बंधन घातले, तर ते पाळताना त्याच्यावर येणारा भार समाजाने उचलावा. जर्मनीच्या साथरोग कायद्यात याची सोयही आहे. अलगीकरणात ठेवलेल्या माणसाची बुडालेली मजुरी सरकार भरून देते. बुडालेला सराव भरून देण्याची सोय मात्र कोणाकडे नव्हती.

आणि आपल्याकडे? मार्च २०२० मध्ये आपण लोकांच्या डाव्या हातावर शिक्के मारले. इमारतींना पत्रे ठोकले. त्याच काळात माझ्या ओपीडीत एक भाजीवाला आला होता, पन्नाशीचा. शेजारी पॉझिटिव्ह निघाला म्हणून कोणीतरी पाठवलेला. मी चाचणीचा कागद पुढे केला, तर म्हणाला, “साहेब, तपासणी नको. पॉझिटिव्ह आलो तर चौदा दिवस हातगाडी कोण लावणार? तुम्ही?” मी त्याला साथीचे गांभीर्य समजावले. छान समजावले असावे, कारण बाहेरच्या रांगेतले लोकही ऐकत होते. तो मान डोलावून गेला तो परत आला नाही. त्याने दिलेला मोबाइल नंबर चुकीचा निघाला. तेव्हा मला त्याचा राग आला होता. माझा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यावर जमा होत होता, हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आले नाही.

पत्ता खोटा देणारे, खोकला दाबून ठेवणारे, तपासणीच्या दिवशी गावी निघून जाणारे. या सगळ्यांना आपण बेजबाबदार म्हणून मोकळे झालो. काहीजण असतीलही. पण खरे सांगणाऱ्याचेच नुकसान होणार असेल, तर लोक खरे सांगणे थांबवतात. हे मुंबई-पुण्याला नवीन नाही. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये लोकांनी आजारी माणसे माळ्यावर लपवली, कारण सापडले तर छावणीत नेत आणि घरातले सामान जाळत.

क्षयरोगात आपण थोडे शहाणे झालो आहोत. २०१८ पासून उपचार घेणाऱ्या रुग्णाला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळू लागले, आता १,००० मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, कधी वेळेवर येत नाही, आणि त्यावरून रुग्ण माझ्याशी भांडतात. तरी पैशांची चौकशी करायला का होईना, माणूस दारात येतो. मला तेवढे पुरते. कोविडमधल्या अलगीकरणासाठी ब्रिटनने सप्टेंबर २०२० मध्ये कमी उत्पन्नाच्या लोकांना ५०० पौंड द्यायला सुरुवात केली. उशिराच, पण केली.

पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू नये. पण ती आली की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी माझ्यासारखा डॉक्टर अलगीकरणाच्या कागदावर सही करत बसलेला असेल. त्या कागदावर नाव, वय, पत्ता, संपर्कातली माणसे आणि तारीख यांसाठी रकाने असतात. रोजच्या कमाईचा रकाना नसतो. तो हवा, आणि त्यापुढे ती रक्कम कोण देणार हेही छापलेले हवे. त्यासाठी नवा कायदा करावा लागेल असेही नाही. २०२० मध्ये ज्याच्या आधारे आपण सगळे काही बंद केले, तो साथरोग कायदा त्याच प्लेगच्या वेळचा, १८९७ चा, जेमतेम चार कलमांचा. त्याच्या दुसऱ्या कलमात सरकारला आवश्यक ते उपाय योजण्याचे अधिकार दिले आहेत आणि त्यांचा खर्च कोणी, कसा सोसायचा हे ठरवण्याचेही. तिथे खर्चापुढे कंसात चार-दोन शब्द आहेत: नुकसानभरपाई असल्यास तीही धरून.