माळ्यावरचीं बुद्धिबळें

बुद्धिबळांचा खेळ भरतखंडांत जन्मला, हें आपण अभिमानानें सांगतों; पण आपले आजे-पणजे कोणत्या घडणीच्या मोहऱ्यांनीं खेळत, असें घरांतील मुलांनीं विचारलें तर उत्तर देणारे थोडेच निघतील.

खेळाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें या खेळाचें वर्णन आहे. सतराव्या शतकांत, मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यांतील काशीकर नीलकंठभट्टांनीं 'नीतिमयूखां'त, म्हणजे राजनीतीच्या ग्रंथांत, त्यास स्थान दिलें.

मोहरे मात्र दोन जातींचे. एका बाजूस कंपनीचे शिपाई, दुसऱ्या बाजूस देशी राजाचें सैन्य व अंबारीचे हत्ती, असे हस्तिदंती संच मुर्शिदाबादेकडे कोरले जात. ते बहुतांशीं साहेबलोकांच्या दिवाणखान्यांसाठीं. म्हणून आज विलायतेंतील संग्रहांत आढळतात. दुसरे कातारी लाकूड कातून करीत. त्यांत राजा, वजीर, हत्ती, उंट हे उंचीवरून व माथ्याच्या घडणीवरून ओळखावयाचे. सोंडच नाहीं, मग ती मोडण्याचें भय कोठून? खेळावयास तेच सोयीचे.

१८४९ सालीं लंडनमध्यें 'स्टाँटन' घडणीचे मोहरे विक्रीस आले आणि पुढें जगभर तेच रूढ झाले. हत्तीच्या जागीं बुरूज आला, उंटाच्या जागीं बिशपची टोपी आली. आपण बुरूज हातांत धरून अजूनहि 'हत्ती' म्हणतों! नांव राहिलें, रूप गेलें.

तें रूप आतां जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरच सांपडावयाचें. दिनकर केळकरांनीं दिवे, अडकित्ते, खेळांचीं साधनें अशा घरगुती वस्तु जन्मभर जमविल्या व १९७५ सालीं पुण्यांतील तो संग्रह महाराष्ट्र सरकारास दिला. सामान्य वस्तूचें मोल त्यांनीं ओळखलें होतें. आमच्या त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्रांत वाडा उतरवितांना असा डबा हातीं लागला, तर प्रथम मोहरे मोजावे. बत्तीस भरले तर उत्तम. एखादें प्यादें उणें असेल तरी टाकूं नये. नवें रोगण देऊं नये. जुना रंग हाच त्यांचा दाखला. मोहरे हस्तिदंती असतील तर विक्रीचा विचार सोडावा, कारण हस्तिदंताचा व्यापार कायद्यानें बंद आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तु परदेशीं पाठविण्यासहि खाजगी व्यक्तीस मनाई आहे.

आणि मुख्य गोष्ट: वांटणीच्या वेळीं भांडीं मोजून घ्यावीं, शेत मोजून घ्यावें, पण पांढरे थोरल्याकडे व काळे धाकट्याकडे असें करूं नये. दोन्ही सैन्यें एका घरीं असलीं तरच डाव मांडतां येतो.