रस्त्याचा फांटा आणि शेतकऱ्याचा वाटा

मोठ्या रस्त्याला नवा फांटा फुटणार अशी वार्ता आली, कीं मक्तेदार आनंदतो, जमिनीचा दलाल आनंदतो, आणि पुढारी तर फीत कापण्यासाठीं कात्रीला धार लावून बसतो. ज्याच्या शेतांतून तो फांटा जावयाचा, त्याला मात्र कोणी विचारीत नाहीं कीं, बाबा रे, उद्यां तुझ्या चुलीचें काय? हा प्रश्न रायगड जिल्ह्यांतील उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांपुढें पुनः उभा राहिला आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पनवेलनजीकच्या पळस्पे फांट्यावरून निघून गव्हाण फांटा, जासई, दास्तान फांटा, करळ फांटा असें करीत एक राष्ट्रीय महामार्ग न्हावा-शेवा बंदरास जाऊन मिळतो. पूर्वीं त्याला '४ ब' म्हणत. २०१० सालीं देशांतील महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हांपासून तो '३४८' झाला. या आंकड्याचा अर्थ असा: शेवटचे ४८ हे मूळ रस्त्याचे, म्हणजे दिल्लीहून मुंबई-पुण्यावरून चेन्नईस जाणाऱ्या महामार्गाचे, आणि आरंभींचा ३ हा त्याच्या फांट्याचा. लांबी पुरती तीस किलोमीटरही नाहीं. पण २०२४-२५ या एका वर्षांत या बंदरानें वीस फुटी पेट्यांच्या हिशेबानें सुमारें ७३ लाख पेट्यांची चढउतार केली. त्यांतल्या बहुतेक ट्रेलरांवर लादून रस्त्यानेंच जातात येतात. देशाच्या व्यापाराची एवढी मोठी नाडी या चिमुकल्या फांट्यांत आहे!

सरकारी दप्तरांत हा फांटा ४८ क्रमांकाच्या रस्त्याला फुटला आहे. आम्ही म्हणतों, त्याचीं मुळें शेतकऱ्याच्या खाचरांत आहेत. तो इतिहास सरकारी पाटीवर लिहिलेला नसतो, म्हणून येथें सांगतों.

हा सारा मुलूख खोतीचा. खोतानें मापावें आणि कुळानें मान खालीं घालून द्यावें, अशी रीत. याच जिल्ह्यांत चरीच्या कुळांनीं १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. शेतें पडीक राहिलीं, पण कुळें वांकलीं नाहींत. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा त्यांना पाठिंबा होता. अशा लढ्यांच्या रेट्यानें कुळकायदा आला. १९४९ सालीं खोती नष्ट करण्याचा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं कसणारा कायद्यानें जमिनीचा मालक ठरला. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याचें शेत कसणाऱ्या आगरी-कुणब्यांच्या नांवाचा सातबारा निघाला.

आतां पुढचें वर्ष मोजा. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठीं ठाणें, पनवेल, उरणकडील ९५ गांवांच्या जमिनींवर सरकारची नजर गेली. १९५७ आणि १९७० यांमध्यें अंतर किती? तेरा वर्षें! शंभर वर्षें खोताला खंड भरणारा शेतकरी उणींपुरीं तेरा वर्षें निर्धास्त मालक होता. मग शेतें गेलीं, मिठागरें गेलीं, खाडींतली मासळी गेली. खोत गेला आणि त्याच्या जागीं हापिस आलें, एवढाच काय तो फरक!

दि. बा. पाटील हे जासईचे सुपुत्र. त्यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं रास्त मोल मागितलें. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजीं दास्तान फांटा व नवघर फांटा येथें पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. धुतूम, चिर्ले आणि पागोटे या गांवांचीं पांच माणसें पडलीं. बंदर सुरू झालें तें त्यानंतर, १९८९ सालीं. म्हणून ३४८ क्रमांकाच्या फांट्यावरून धांवणाऱ्या प्रत्येक ट्रेलरचें चाक या पांच जणांच्या अंगणावरून जातें, असें म्हटलें तर त्यांत काय खोटें आहे?

या बलिदानानें साडेबारा टक्क्यांची योजना पदरांत पडली. १९९० आणि १९९४ सालीं तिचे सरकारी निर्णय निघाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यास परत द्यावयाचा, अशी ही योजना. आम्ही पेशानें शिक्षक. मुलांना शेकडेवारी शिकवितों, तशीच ती येथें मांडतों. एकराचे गुंठे चाळीस. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा, अर्थात् पांच गुंठे. त्यांतून रस्ते व सामाजिक सोयी यांच्या नांवानें शेंकडा तीस कापले जातात. राहिले साडेतीन गुंठे. चाळीस देऊन साडेतीन घ्यावयाचे! सावकारानें असा हिशेब केला असता तर गांवानें त्याला वेशीबाहेर काढला असता.

आणि तेही केव्हां? बंदरासाठीं जमिनी गेलेल्या कांहीं शेतकऱ्यांच्या हातीं या हक्काचीं पत्रें पडलीं तीं १६ ऑगस्ट २०१४ रोजीं, म्हणजे गोळीबारानंतर तीस वर्षांनीं. त्याच दिवशीं, त्याच समारंभांत बंदराच्या रस्तारुंदीची कोनशिलाही बसली. रस्त्याच्या वांट्याला दगड आला, शेतकऱ्याच्या वांट्याला कागद! शेवा गांवच्या कोळ्यांची गत याहून वाईट. बंदरासाठीं त्यांना उठवून हनुमान कोळीवाड्यांत बसविलें, तर त्या घरांना वाळवी लागली. घराची वाळवी डोळ्यांना दिसते, पण दप्तराला लागलेली कोणाला दिसावी?

हें जुनें खातें असें उघडें पडलें असतां नवें उघडलें जात आहे. १९ मार्च २०२५ रोजीं केंद्राच्या मंत्रिमंडळानें बंदराकडून चौकपर्यंत २९.२१९ किलोमीटरचा, सहा पदरी, ४५०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा नवा महामार्ग मंजूर केला. पळस्पे, कळंबोली, पनवेलच्या कोंडींत बंदराची गाडी दोन-तीन तास अडकते, हें त्याचें कारण. मक्तेदार रस्ता बांधील आणि टोल वसूल करील. आणि हा रस्ता सुरू कोठून होतो? पागोट्यापासून! शिवडीहून आलेला सागरी सेतु १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झाला, तो उतरतो कोठें? चिर्ल्याला! ज्या गांवांनीं १९८४ सालीं माणसें दिलीं, त्यांच्याच दारीं पुनः पुनः मोजणीची सांखळी येते.

कोणी म्हणतील, हे मास्तर प्रगतीचे वैरी. तसें नाहीं. महात्मा जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे मक्तेदार होते. रस्ता, पूल, पाट यांचें मोल त्यांना ठाऊक होतें. त्याच जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून, शेतकऱ्याच्या कष्टांवर सरकारी डोलारा कसा उभा राहतो, हें जगापुढें मांडलें. कोंडी सुटावी, हें आम्हांलाही हवें. ट्रेलरांची धूळ आमचींच पोरें खातात आणि अपघातांत आमचींच माणसें जातात. आमचा सवाल एवढाच: पहिल्या फांट्याचें देणें चुकविल्यावांचून दुसऱ्या फांट्यासाठीं हात कसा पसरतां?

सवाल सरकारलाच आहे असें नव्हे. पूर्वीं आम्ही शेटजी-भटजींच्या नांवानें बोटें मोडीत होतों. आज दलाली करणारा, भरावाच्या मातीचा मक्ता घेणारा, भूखंडाचा हक्क कवडीमोलानें लिहून घेणारा पुष्कळदां आपल्याच आळींतला, आपल्याच आडनांवाचा निघतो. विमानतळास दि. बां. चें नांव द्यावें असा ठराव २०२२ सालीं राज्याच्या विधिमंडळानें केला. मागणी रास्तच होती. परंतु नांवाच्या जयघोषांत सातबाऱ्याचा विसर पडला, तर दि. बां. ना तें रुचलें असतें काय?

म्हणून बंधुभगिनींनो, चार गोष्टी गांठीस बांधा.

पहिली, कागद वाचा. महामार्गासाठीं जमीन घेण्याची अधिसूचना १९५६ च्या कायद्याच्या कलम '३ अ' खालीं राजपत्रांत निघते आणि तिचा सारांश मराठी वर्तमानपत्रांत येतो. राजपत्रांत आल्यापासून एकवीस दिवसांत लेखी हरकत घेतां येते. बाविसाव्या दिवशीं ओरडून उपयोग नाहीं. मोबदला कमी वाटला तर लवादाकडे जाण्याची वाट आहे.

दुसरी, सातबारा आजच दुरुस्त करा. मयत आजाच्या नांवावर जमीन असेल तर वारसनोंद करा. लेकीबाळींचीं नांवें गाळूं नका. २००५ च्या कायद्यानें लेकीचा वडिलोपार्जित वांटा लेकाइतकाच आहे. नोटीस आल्याबरोबर बहिणीकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेणाऱ्या भावानें खोताला नांवें ठेवूं नयेत.

तिसरी, कारागिरांसाठीं. शेत गेलें म्हणजे लोहाराचा नांगर गेला, सुताराची बैलगाडी गेली, मजुराचा रोज गेला. त्यांच्या नांवें सातबारा नसतो, म्हणून आजवर त्यांना कोणीं मोजलेंच नाहीं. २०१३ चा भूसंपादन कायदा सांगतो कीं, संपादनापूर्वीं तीन वर्षें त्या जागीं राबून पोट भरणारीं बिनजमिनीचीं कुटुंबें, त्यांत मजूर, कूळ व कारागीर, हीं देखील बाधित होत. पुनर्वसनाचीं त्याचीं परिशिष्टें २०१५ पासून महामार्गांनाही लागू आहेत. ग्रामसभेनें अशा घरांची यादी स्वतः करावी आणि ठरावासह पाठवावी. शेतकऱ्यानें आपला मोबदला घेऊन कारागिराला मागें टाकलें, तर आपली चळवळ कसली?

चौथी, एकट्यानें सही करूं नका. खोताविरुद्ध चरीची कुळें टिकलीं तीं एकजुटीवर. गांवानें मिळून वाचावें, मिळून बोलावें, मिळून सही करावी.

आणि सरकारास एकच मागणी: ३४८ क्रमांकाच्या फांट्यासाठीं व बंदरासाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांची गांववार यादी चावडीवर लावा. कोणाला किती देणें होतें, किती दिलें, किती राहिलें, हें मराठींत लिहा. तें देणें चुकतें करा. मग पागोट्यांत मोजणीची सांखळी घेऊन या. जुनी बाकी ठेवून नवी उधारी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला गांवचा वाणीही दुकानाची पायरी चढूं देत नाहीं.