पुराची रेघ आणि धूसर फोटो



ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर चढले. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर नुकसानीचे अर्ज भरून द्यायला आम्ही काहीजण एका वस्तीत बसलो होतो. एका मावशींनी मोबाईलमधले सात फोटो दाखविले. भिंतीवर पाणी कुठवर आले त्याची रेघ एकाही फोटोत ओळखू येईना. भिंत तर त्यांनी आदल्या दिवशीच धुऊन काढली होती!

चूक मावशींची नव्हती. कॅमेरा आपोआप फोकस धरतो तो उजेड-अंधाराच्या कडा शोधून. अंधाऱ्या खोलीत, ओल्या एकरंगी भिंतीवर त्याला कड सापडत नाही. मग भिंग पुढे-मागे होत राहते आणि फोटो धूसर निघतो.

यावर साधे उपाय आहेत. आधी भिंग कोरड्या सुती फडक्याने पुसा. दमट हवेत त्यावर वाफ धरते. पाण्याच्या रेघेशी मोजायची टेप उभी धरा. कॅमेऱ्याला आकड्यांची कड मिळते आणि पाण्याची उंचीही नोंदली जाते. पडद्यावर त्याच जागी बोट टेकवा. बऱ्याच मोबाईलवर बोट थोडे दाबून धरले की फोकस तिथेच टिकतो. वीज नसेल तर दुसऱ्याला बाजूने बॅटरी धरायला सांगा. खिडकीतून फोटो घेताना कॅमेरा गजांवरच फोकस धरतो. म्हणून भिंग गजांच्या मधून पुढे काढा. काच असेल तर भिंग काचेला टेकवा. रेशनकार्डाचा फोटो प्लॅस्टिकमधून काढून, हातभर अंतरावरून घ्या. फार जवळ गेले की अक्षरे पुसट येतात.

शेवटी फोटो मोठा करून पाहा. टेपवरचा आकडा वाचता आला तरच तो फोटो खरा.

जुलै २०२१ मध्ये सांगलीला पुन्हा पूर आला, साताऱ्याच्या पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत गरिबाला चिखलात बसून राहता येत नाही, चूल पेटवावीच लागते. म्हणून झाडू हातात घेण्याआधी पाच मिनिटे मोबाईल हातात घ्या. घरातल्या शाळकरी मुलामुलींना हे आजच शिकवून ठेवा.